केळीच्या ट्रकचा साज आरसी गाडीवर: पारदर्शक बॉडी ब्रशने आतून रंगवण्याची पूर्ण कृती

रेडिओ कंट्रोल (आरसी) गाडीची नवी बॉडी खोक्यातून निघते तेव्हा आरपार दिसते. पॉलिकार्बोनेटची पातळ शीट तापवून साच्यावर ओढून ती बनवलेली असते. आरसीवाले तिला लेक्झान बॉडी किंवा नुसतं शेल म्हणतात. ही बॉडी बाहेरून रंगवत नाहीत, आतून रंगवतात. गाडी उलटली, कुंपणाला घासली, मुरमावर दहा फूट घसरली तरी ओरखडे बाहेरच्या प्लास्टिकवर पडतात, त्यामागचा रंग शाबूत राहतो. शिवाय बाहेरचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असल्यामुळे वेगळं वॉर्निश लावावं लागत नाही.

आतून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा होतो. भिंतीवर किंवा पाटीवर आपण आधी जमीन, म्हणजे मागचा रंग, भरतो, मग अक्षर, शेवटी अक्षरावरची चमक. इथे जो रंग पहिला लागेल तोच बाहेरून सगळ्यात पुढे दिसेल, आणि नंतर लावलेलं सगळं त्याच्या मागे जाईल. हा क्रम कागदावर आधी नीट ठरवला, तर साध्या ब्रशनेही उत्तम बॉडी होते. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि काँप्रेसर हाताशी नाही म्हणून ज्यांनी आपली बॉडी बाजारच्या स्टिकरांवर भागवली, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

खान्देशात मी ब्रशचाच आग्रह धरतो आणि त्याला कारणं आहेत. स्प्रेचा डबा दाबाखालचा आणि ज्वलनशील असतो. विमानाच्या पार्सलमधून तो चालत नाही, रस्त्याने येईपर्यंत थांबावं लागतं. ५० अंशांच्या वर ठेवू नका अशी सूचना त्यावर छापलेली असते, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीतलं किंवा उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तर विचारूच नका. एवढ्या उष्म्यात फवाऱ्याचे थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतात आणि आत खरखरीत, पिठूळ थर बसतो. ब्रश आणि पाण्यात विरघळणारा रंग असेल तर यातलं काही आड येत नाही. सकाळी सहाला खिडकीजवळ बसलात की काम सुरू.

उदाहरणासाठी मी १/१० मापाच्या ट्रकची बॉडी घेतो. रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेले ट्रक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. लाल अंग, पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली, कडेने पांढऱ्या-निळ्या पट्ट्या. धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि सुरतेकडून येणारा रस्ता धुळे, जळगाव, भुसावळ करत पुढे नागपूरकडे निघतो. त्यामुळे ट्रकवरच्या रंगकामाचे नमुने पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आपल्या ट्रकच्या बाजूवर आपण अहिराणीत लिहिणार आहोत: ‘खान्देशना राजा’, म्हणजे खान्देशचा राजा.

रंग कोणता घ्यायचा

पहिला पैसा इथे खर्च करा. पॉलिकार्बोनेट लवचीक असतं. टक्कर झाली की ते वाकतं आणि परत जागेवर येतं. त्याच्याबरोबर वाकणारा रंगच टिकतो, बाकीचे रंग पापुद्रे होऊन निघतात. म्हणून बाटलीवर किंवा डब्यावर ‘पॉलिकार्बोनेटसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तामिया या जपानी कंपनीच्या स्प्रे डब्यांत पीएस मालिका पॉलिकार्बोनेटसाठी आहे आणि टीएस मालिका कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी. डबे दिसायला सारखे, त्यामुळे ऑर्डर करताना अक्षरं दोनदा वाचा. ब्रशसाठी मात्र पाण्यात विरघळणारे बाटलीतले रंग घ्या. पारमाचा फासकलर हा त्यातला जुना आणि माहितीतला प्रकार. पीएसचा रंग वाटीत काढून ब्रशने लावता येतो, पण त्याचं द्रावण खालचा सुकलेला थर पुन्हा विरघळवतं. दुसऱ्या हाताला पहिला हात ब्रशबरोबर उचलून येतो. मोठ्या भागासाठी मी तो वापरत नाही.

शाळेच्या दुकानात मिळणारे अ‍ॅक्रिलिक रंग चालतील का, हे हमखास विचारलं जातं. कपाटात ठेवायच्या बॉडीला चालतील. पळवायच्या बॉडीला नको. कोपरा एकदा जोरात आपटला की तिथून सुटायला लागतात.

कोणताही रंग असो, चाचणी घेतल्याशिवाय बॉडीला लावू नका. बॉडीच्या कडेला कापून टाकायचा जादा भाग असतो. त्यातली दोन बोटं रुंद पट्टी आधी कापून घ्या, धुवा, रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण दिवस ठेवा. मग पट्टी दुमडा, उलगडा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चिकटपट्टीला रंग आला नाही तर रंग पास. कोल्ड्रिंकची बाटली कापून हात बसवायचा सराव खुशाल करा, पण रंग चिकटतो की नाही ते त्यावर तपासू नका, कारण बाटलीचं प्लास्टिक वेगळं असतं.

ब्रश मऊ सिंथेटिक केसांचे घ्या. अर्धा इंच रुंद चपटा एक, दोन नंबरचा गोल एक, शून्य नंबरचा एक, आणि रेघा ओढायचा लांब केसांचा लायनर एक. एवढ्यात सगळं होतं. लायनरवर मात्र काटकसर करू नका. सगळी अक्षरं त्याच्या टोकातून उतरणार आहेत.

रंगाआधीची तयारी

बॉडी आरपार आहे तोवरच करून घ्यायची कामं आधी उरका. बॉडी चासीवर ठेवा, चाकांच्या मध्यावर कमानी आल्यात का बघा, दोन्ही बाजूंनी उंची सारखी आहे का बघा आणि बॉडी पोस्टची, म्हणजे बॉडी ज्यांवर बसते त्या चासीवरच्या खुंट्यांची, टोकं जिथे टेकतात तिथे मार्करने ठिपके द्या. रंग लागल्यावर आतला पोस्ट दिसत नाही आणि भोकं अंदाजाने पाडावी लागतात. भोकं रीमरने पाडा. टोक टेकवून हळूहळू फिरवायचं, पोस्ट सहज जाईल एवढं झालं की थांबायचं. ड्रिलचं बिट प्लास्टिकला ओढून घेतं आणि भोकाच्या कडेला तडे जातात. पाडलेली भोकं बाहेरून टेपने बंद करून टाका.

चाकांच्या कमानी रंगाआधी कापायच्या की नंतर, यावर दोन मतं आहेत. स्प्रेवाले सगळं नंतर कापतात, कारण जादा कड धरायला बरी पडते. ब्रशच्या कामात मी कमानी आधीच थोड्या जादा ठेवून कापतो. हात आत नीट शिरतो आणि उजेडही येतो. अखेरची कटाई सगळं झाल्यावर. सरळ कडांना कात्रीही लागत नाही. ब्लेडने हलकी रेघ मारायची आणि पट्टी पुढे-मागे वाकवायची, ती त्या रेघेवर सुटते. कमानीला बाकदार टोकाची लेक्झान कात्री हवी. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कडेवरची बारीकशी खाच म्हणजे उद्याचा तडा.

आता धुणं. साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा आणि बोटांच्या तेलाचा अंश आत असतो. भांडी घासायचा द्रवसाबण आणि कोमट पाणी घेऊन मऊ स्पंजने आतून नीट धुवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, आणि ते डाग रंगाच्या पुढे म्हणजे बाहेरून दिसतात. शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने करा. पाणी निथळू द्या, कापसाने पुसू नका, तंतू राहतात. यानंतर आत उघडं बोट लावायचं नाही. पातळ हातमोजे घाला.

थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्राव बॉडीजवळ आणू नका. पॉलिकार्बोनेट त्यांनी पांढुरकं पडतं किंवा त्यावर बारीक जाळी उठते, आणि ती जात नाही. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावतात ते थ्रेडलॉकही याच यादीत येतं. चिकट डाग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

खिडक्या आणि मास्किंग

बॉडीसोबत खिडक्यांचे कापलेले व्हिनाइल मास्क येतात. ते आतून लावायचे. मधून बाहेरच्या दिशेने दाबत जा आणि कडांवर नख फिरवा. वाकडी काच असेल तर मास्कला कडेने एक-दोन छोट्या चिरा द्या, म्हणजे सुरकुती पडणार नाही. ब्रशचा रंग स्प्रेपेक्षा ओला असतो, तो मास्कखाली झिरपतो. म्हणून ब्रश कायम मास्कवरून सुरू करून उघड्या भागाकडे ओढा. उघड्या भागाकडून मास्कच्या कडेवर ढकलला की रंग खाली घुसलाच समजा. पहिला हात तर कडेवर जवळजवळ कोरड्या ब्रशने द्या. तो सुकला की कड बंद होते, मग पुढचे हात निर्धास्त.

सरळ पट्ट्यांना मॉडेलसाठीची पिवळी मास्किंग टेप, वळणांना बारीक व्हिनाइल टेप. खोकी बंद करायची तपकिरी टेप नको, तिचा गोंद मागे राहतो. ज्वाळा किंवा नक्षी काढायची असेल तर लिक्विड मास्क आहे. जाड तीन-चार हात द्यायचे, पूर्ण सुकून पारदर्शक झालं की ब्लेडने आकार कापून हवा तो भाग सोलायचा. हे लावायचा ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर तो कायमचा गेला. कापताना मात्र हाताचं वजन टाकू नका. नव्या ब्लेडने फक्त मास्कची साय कापली गेली पाहिजे. ब्लेड प्लास्टिकमध्ये रुतलं तर पहिल्या टकरीत बॉडी नेमकी त्याच रेघेवर फाटते. याच भीतीमुळे ट्रकच्या कामात मी लिक्विड मास्क टाळतो. अक्षरं आणि वेलबुट्टी हाताने काढलेली जास्त शोभतात, आणि हातच्या रेघेतला किंचित कंप हाच ट्रकवरच्या रंगकामाचा खरा बाज आहे.

नक्षी बाहेर, रंग आत

बॉडीच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ संरक्षक फिल्म असते. ती शेवटपर्यंत काढायची नाही. तिचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे तिच्यावर परमनंट मार्करने सगळी नक्षी काढता येते. बाहेरून सुलट, जशी दिसायला हवी तशी काढा. पट्ट्या, दिव्यांच्या चौकटी, दारांच्या रेघा, अक्षरं, सगळं. आतून पाहिलं की तीच नक्षी उलटी दिसते आणि तुम्ही फक्त त्या रेघांवर ब्रश फिरवायचा. काम संपल्यावर फिल्म काढली की मार्करही तिच्याबरोबर जातो. फिल्म नसलेली बॉडी असेल तर बटर पेपरवर नक्षी काढा आणि लिहिलेली बाजू बाहेर ठेवून तो बॉडीला बाहेरून चिकटवा. कागद पातळ असल्याने आतून रेघा दिसतात.

अक्षरं काढायला संकोच वाटत असेल तर गावातल्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडे बॉडी घेऊन जा. फ्लेक्सचे फलक आल्यापासून त्यांचं काम कमी झालंय, पण हात तोच आहे. फिल्मवर मार्करने ‘खान्देशना राजा’ लिहून द्या म्हटलं की ते दोन मिनिटांत असं वळण काढतात की संगणकाच्या फॉन्टला ते जमायचं नाही. त्यांच्या कामाचे पैसे आग्रहाने द्या.

आता आतून लिहिताना काय होतं ते नीट पाहू, कारण सगळी मजा आणि सगळी गफलत इथे आहे. ख, न, श यांचा उभा दांडा उजवीकडे असतो, तो आतून डावीकडे येतो. काना अक्षराच्या आधी येतो. दे वरची मात्रा उलट्या बाजूला कलते. तुमच्या शब्दात वेलांटी असेल तर पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते, आणि हात सवयीने ती ‘दुरुस्त’ करायला धावतो. त्यामुळे अक्षर वाचत बसायचं नाही. फिल्मवरची रेघ फक्त एक आकार समजायची. आधी सगळे उभे दांडे एका पाठोपाठ एक ओढा, ते सरळ असल्याने आतून-बाहेरून सारखेच. मग शिरोरेषा एका दमात. या चौकटीत उरलेली वळणं बसवणं सोपं जातं. मधूनमधून बॉडी फिरवून बाहेरून बघा.

पेंटर ट्रकवर आधी लाल जमीन भरतात, मग काळी सावली, त्यावर पिवळं अक्षर आणि शेवटी अक्षराच्या खांद्यावर पांढरी चमक. आपण याच्या नेमकं उलट जाणार. पहिल्यांदा लायनरने पांढऱ्या चमकेच्या बारीक रेघा. त्या पूर्ण सुकल्या की त्यांच्यावरून पिवळं अक्षर, दोन पातळ हात. इथे लगेच काळी सावली लावायला गेलात तर फसाल. पिवळा रंग अर्धपारदर्शक असतो, त्याच्या मागे काळा गेला की बाहेरून अक्षर शेवाळी दिसतं. म्हणून पिवळ्याच्या मागे पांढऱ्याचा एक हात द्या, अक्षराच्या कडेपासून केसभर आत ठेवून. मग सावली. बाहेरून सावली अक्षराच्या उजवीकडे-खाली पाहिजे असेल तर आतून ती डावीकडे-खाली येते. ती थोडी अक्षरावर चढली तरी हरकत नाही, पांढऱ्याने वाट अडवलेली आहे. सगळ्यात शेवटी लाल जमीन, बिनधास्त सगळ्यावरून. तुमचा लाल हात कितीही सैल पडला तरी अक्षराची कड बाहेरून धारदारच राहते. बाहेरून रंगवताना हे सुख मिळत नाही.

चूक झाली तर ओला रंग लगेच पाण्यात भिजवलेल्या इअरबडने टिपून घ्या. सुकलेला असेल तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाहा. तेही आधी चाचणीच्या पट्टीवर.

मोठा भाग भरणं

ब्रशने मोठा भाग रंगवताना पहिला हात रेघारेघांचा, फाटका, निराशाजनक दिसतो. तो तसाच दिसणार. त्याच्यावर पुन्हा ब्रश फिरवून तो सुधारायला जाऊ नका, कारण आपल्या हवेत पाण्याचा रंग मिनिटभरात ओढायला लागतो आणि अर्धवट सुकलेला रंग ब्रशबरोबर गोळा होऊन उचलतो. एक पट्टा, एक फेर, पुढे चला. सुकू द्या. दुसरा हात पहिल्याला आडवा. तिसरा पुन्हा उभा. तीन ते पाच पातळ हातांत रेघा मिटतात. एकाच जाड हातात उरकायचा मोह झाला तर पाणी कोपऱ्यात साचतं, वरची साय सुकते, आत ओलं राहतं आणि पुढे तिथे भेगा पडतात.

प्रत्येक हातानंतर बॉडी खिडकीकडे धरा, किंवा आत मोबाइलचा टॉर्च लावून बाहेरून पाहा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं चमकून दिसतील. बॉनेटची धार, मागच्या फळीचा कोपरा, चाकांच्या कमानींची आतली बाजू ही राहून जायची नेहमीची ठिकाणं.

लालही पिवळ्यासारखाच अर्धपारदर्शक. त्याच्या मागे पांढरा दिला तर तो ट्रकचा ठसठशीत लाल होतो, रुपेरी दिला तर गडद आणि धातूची झाक असलेला, थेट काळा दिला तर मंद, विटकरी. ट्रकला पांढराच हवा. पांढरा पूर्ण भरल्यावर त्याच्या मागे एक काळा किंवा राखाडी हात द्यावा, म्हणजे उन्हात बॉडीतून चासीची आणि वायरींची सावली दिसत नाही. फ्लुरोसंट रंगांनाही मागे पांढरा लागतोच, पण ते उन्हात लवकर फिकटतात. आपलं ऊन पाहता मी ते निवडणार नाही.

दोन रंग एकमेकांत मिसळायचे असतील, उदाहरणार्थ खाली गडद आणि वर उजळ लाल, तर ब्रश ठेवा आणि स्पंजचा छोटा तुकडा घ्या. रंग लावून आधी कागदावर बहुतेक झटकायचा आणि मग टिपत जायचं, वर जाताना विरळ. मागून दुसरा रंग भरला की ठिपक्यांचा मऊ उतार दिसतो. चिखल आणि धूळही याच वाटेने. काळ्या मातीचे शिंतोडे हवे असतील तर जुन्या टूथब्रशवर पातळ रंग घेऊन केसांवरून अंगठा ओढायचा, चाकांच्या कमानींकडून मागच्या दिशेने. हे काम सगळ्यात पहिलं, चमकेच्या रेघांच्याही आधी. धूळ गाडीच्या वर बसते, म्हणून आतून ती आधी लागते.

दारांच्या फटी, इंजिनाची जाळी, खिडक्यांभोवतीचं काळं रबर याही पहिल्या फेरीतल्या गोष्टी. आपल्या ट्रकचा पूर्ण क्रम असा लागतो: शिंतोडे, काळ्या रेघा आणि जाळी, पांढऱ्या चमका, पिवळी अक्षरं आणि मागे जळगावच्या एमएच १९ ची पिवळी नंबर पाटी (तिच्यावरचे काळे आकडे मात्र पिवळ्याच्या आधी), पांढऱ्या-निळ्या पट्ट्या, पिवळ्याला पांढरं अस्तर, काळी सावली, लाल जमीन, सगळ्याला पांढरं अस्तर, शेवटी काळा. हा क्रम कागदावर लिहून समोर भिंतीला चिकटवा. धुळ्याच्या गाडीला एमएच १८, नंदुरबारच्या गाडीला एमएच ३९.

हवा सांभाळणं

खान्देशात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी आणि गार, रंगाला पसरायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उरका. रंग ब्रशवरच घट्ट होत असेल तर त्या रंगासाठी मिळणारा रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) थेंबभर घाला. नुसतं पाणी वाढवत गेलात तर रंग फुटतो आणि थेंबाथेंबाने गोळा होतो. कूलर बंद ठेवा. त्याच्या हवेबरोबर दमट वारा तर येतोच, पण गवताच्या तट्ट्यांचे तुकडे आणि धूळही येऊन ओल्या रंगात बसते. बसण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली की धूळ खाली राहते. रंगवलेली बॉडी गच्चीवर उन्हात वाळत ठेवायची गरज नाही. मास्कचा आणि फिल्मचा गोंद उन्हात मऊ होऊन कडा उचलतात. सावलीत ती आपोआप वाळते.

पावसाळ्यात उलट अडचण. दोन हातांमध्ये केस वाळवायचा ड्रायर एक फूट लांबून, सतत हलवत फिरवा. पाण्याच्या रंगाला ही ऊब हवीच असते, त्याने पकड पक्की होते. हीट गन मात्र नको. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ पडतं आणि हीट गन तिथे सहज पोचते. स्प्रेने काम करणाऱ्यांनी भर पावसात थांबलेलं बरं. दमट हवेत त्या रंगावर दुधाळ पडदा येतो.

सोलणं, मजबुती आणि डागडुजी

शेवटचा हात बोटाला लागेनासा झाला की खिडक्यांचे मास्क काढा. आठवडाभर तसेच ठेवले तर रंगाची साय मास्कवरून बॉडीपर्यंत अखंड घट्ट होते आणि सोलताना कडेचा रंग घेऊन येते. एका कोपऱ्याला नखाने उचला आणि मास्क स्वतःवर दुमडत, बॉडीला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. रंग मास्कला धरून बसलाय असं दिसलं तर थांबून त्या जागी ड्रायरची थोडी ऊब द्या.

यानंतर बॉडी एक-दोन दिवस बाजूला ठेवा. मग आतून मजबुती. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना लावतात ती फायबरग्लासची जाळीची पट्टी, आणि बूट दुरुस्तीचा लवचीक गोंद, शू-गू किंवा तशाच जातीचा. पुढचा बंपर, चारही कोपरे, पोस्टची भोकं आणि कमानींचे वरचे बाक, एवढ्या जागी पट्टी ठेवून वरून गोंदाचा पातळ थर बोटाने पसरवा. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, चिकटणार नाही. इपॉक्सी वापरू नका. ती कडक असते, बॉडी वाकली की तडकून सुटते. गोंदातल्या द्रावणाने रंग हलतो का, हे त्याच चाचणीच्या पट्टीवर आधी बघा. ओढून काढलेल्या शीटचे कोपरे सपाट भागापेक्षा पातळ असतात आणि मार तर तेच खातात. म्हणून नवीन बॉडी पहिल्यांदा पळवायच्या आधीच हे करावं असं माझं ठाम मत आहे.

पुढे कधी तडा गेलाच तर त्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडा. तडा तिथे थांबतो. मग मागून जाळी आणि गोंद.

शेवटची कटाई, कडा घासणं, पोस्टवर बॉडी बसवून बघणं हे सगळं बाहेरची फिल्म असतानाच उरका. मग ब्लेड न लावता कडेला नखाने फिल्म उचला आणि मोठ्या पट्ट्यांत ओढून काढा. मार्करच्या काळ्या रेघा, लागलेली बोटं, रंगाचे शिंतोडे सगळं फिल्मबरोबर निघून जातं. स्टिकर लावायचे असतील तर आता, साबणाचं पाणी शिंपडून, म्हणजे हवे तसे सरकवता येतात. ट्रकच्या मागच्या फळीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र स्टिकरवर सोपवू नका, तेही आतूनच लिहा. तिथली जागा सपाट असते आणि ‘खान्देशना राजा’ लिहून हात आता बसलेला असतो.